वानखड्यांना वाचता येत नव्हतं

आमच्या कंपनीत माझं काम लिहिण्याचं. दर सहा महिन्यांनी आमच्या लिनक्सची नवी आवृत्ती बाहेर पडते आणि तिच्यात नवं काय आहे, हे लोकांना कळेल अशा भाषेत मी लिहून देते. लिनक्स म्हणजे संगणक चालवणारी, कुणालाही उघडून बघता येईल अशी व्यवस्था. तिचे तुकडे जगभरच्या माणसांनी लिहिलेले असतात. आमच्यासारख्या कंपन्या ते गोळा करून, एकमेकांशी जुळवून, नीट बांधून पाठवतात. लग्नात रुखवत मांडणाऱ्या बायका असतात, त्यातला प्रकार. लाडू कुणी वळले याच्याशी त्यांना कर्तव्य नसतं, पण चिवड्याशेजारी काय ठेवायचं यावरून अबोले होतात.

तर अशा वेळी मी एकेका टेबलापाशी जाऊन विचारते, "तुमच्याकडे या वेळी नवीन काय?" बाकीचे सगळे भरभरून सांगतात. उत्तम वानखडे मात्र मानही वर न करता म्हणायचे, "काही नाही."

"मग सहा महिने केलं काय?"

"काही नवीन दिसू नये म्हणून खपून राहिलो ना, मॅडम."

आता हे मी लिहायचं कसं? 'चीन, जपान व कोरियातील वापरकर्त्यांना या आवृत्तीत काहीही जाणवणार नाही' असं एकदा खरंच लिहिलं होतं. वरून फोन आला. मी वानखड्यांकडे बोट दाखवलं आणि वानखडे म्हणाले, "बरोबर लिहिलंय बाईंनी."

वानखड्यांकडे चिनी, जपानी आणि कोरियन अक्षरांचे फॉन्ट होते. कुठला फॉन्ट सोबत द्यायचा, कुणाच्या यंत्रावर कुठला आधी लागायचा, अक्षर सापडलं नाही तर कुठे शोधायचं, हे सगळं ते ठरवायचे. आणि यातली एकही भाषा त्यांना येत नव्हती. चिनी नाही, जपानी नाही, कोरियन नाही. वाशीमकडचा माणूस, पुण्यात येऊन वीस वर्षं झाली तरी रागावला की वऱ्हाडीत शिरणारा. हे काम त्यांच्याकडे आलं कसं, तर आधीचा माणूस नोकरी सोडून गेला त्या दिवशी वानखडे रजेवर होते. रजेवर असलेल्या माणसाच्या गळ्यात काहीही पडतं. पण पडलेलं काम त्यांनी जे उचललं, ते खाली ठेवायला तयार होईनात.

त्यांच्या टेबलामागे मोठाले कागद टांगलेले असत. एकेका कागदावर हाताच्या पंजाएवढी दहा-बारा अक्षरं. वाचता येत नसल्यामुळे वानखड्यांनी त्या अक्षरांना आपली नावं ठेवली होती. एक होतं तिफण. एक होतं रहाट. एक छपराखाली बसलेली बाई, एक दोन खिडक्यांचं घर, एक नुसतंच 'पाहुणा', कारण ते कुठल्याच ओळीत नीट बसत नसे. सकाळच्या बैठकीत सगळे आपापलं काम कुठवर आलं ते सांगायचे, तेव्हा वानखडे गंभीरपणे सांगत, "काल तिफणीचा दांडा तुटला होता, तो जोडला. रहाट कोरियनमध्ये ठीक आहे, चिनीमध्ये जरा कलून राहिला." नव्याने आलेली मुलं एकमेकांकडे बघायची. कंपनीचा शेतीअवजारांचाही धंदा आहे, असं एकाने घरी सांगितलं होतं म्हणे.

मला त्यांचं काम कधीच धड कळलं नाही, हे इथे कबूल केलेलं बरं. जेवढं कळलं ते असं. चीन आणि जपान यांची पुष्कळशी अक्षरं एकच आहेत, पण काढायची तऱ्हा किंचित वेगळी. संगणकाच्या लेखी मात्र दोन्हींचा नंबर एकच. म्हणजे संगणकाला ते अक्षर कळतं, पण ते कुणाच्या पद्धतीने काढायचं हे त्याला सांगावं लागतं. वानखडे ते सांगायचे, फाईलींना आकडे देऊन. ज्या फाईलचा आकडा लहान तिचा फॉन्ट आधी. पासष्टच्या जागी सहासष्ट पडला की जपानी माणसाला आपलं पत्र चिनी हाताने लिहिल्यासारखं दिसतं.

"मग काय बिघडतं?" मी विचारलं होतं. "वाचता तर येतंच ना?"

"येतं ना," वानखडे म्हणाले. "म्हणून तर कोणी तक्रार करत नाही."

तक्रार नाही, तरी माणूस दुरुस्ती करतो. माझ्या डोक्यातला गोंधळ इथून सुरू झाला.

आणि त्यात भर म्हणजे, या माणसाच्या स्वतःच्या नावाची कंपनीभर वाट लागलेली. ओळखपत्रावर 'वानखेडे', दाराच्या पाटीवर 'वानखेडे', दिवाळीच्या भेटीवर 'वानखेडे'. मी एकदा तावातावाने म्हटलं, "अहो, तिकडे कुणाच्या तरी अक्षराची रेघ अर्धा केस सरकली म्हणून तुम्ही जेवत नाही, आणि इथे तुमच्या नावावर रोज एक फुकटची मात्रा चढते त्याचं काहीच नाही?"

"मला हाक मारली की मी वळतो, मॅडम. मात्रा असो नाही तर नसो."

"आणि अक्षर?"

"त्याले कुठं वळता येते?" म्हणाले आणि पुन्हा कागदात तोंड घातलं. हे उत्तर मला तेव्हा फार खोल वाटलं होतं. घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे काय?" मी विचार केला, खरंच, म्हणजे काय? अजून कळलेलं नाही.

आईची गोष्ट त्यांनी एकदाच सांगितली, तीही चहाच्या टपरीवर, बोलता बोलता. त्यांच्या आईला वाचता येत नव्हतं. माहेरी जायची एसटी ती पाटीवरच्या अक्षरांच्या ठेवणीवरून ओळखायची. पहिलं अक्षर पोट सुटलेलं, शेवटच्याला शेपूट, ती आपली गाडी. एके दिवशी कुणीतरी नवीन पेंटर आला आणि त्याने पाट्या नव्या रंगवल्या, झोकदार, तिरक्या. आई स्टँडवर सकाळपासून दुपार उलटेपर्यंत बसून राहिली. दोन गाड्या डोळ्यांसमोरून गेल्या. संध्याकाळी घरी परत आली आणि म्हणाली, गाडी आलीच नाही आज.

"कोणाला विचारायचं ना त्यांनी," मी म्हटलं.

"विचारलं असतं तर वाचता येत नाही हे कळलं असतं ना लोकांना." मग कप ठेवून म्हणाले, "वाचणाऱ्यांसाठी पाटी तीच होती, मॅडम." एवढंच. मला रडायला आल्यासारखं झालं आणि वानखडे टपरीवाल्याशी साखर जास्त पडल्यावरून वाद घालत होते.

वानखडे वारज्याला राहायचे. त्यांच्याच सोसायटीत तळमजल्यावर आपटेबाई जपानी भाषेचे वर्ग घेत. पुण्यात जपानी शिकणाऱ्यांना तोटा नाही. इंजिनियर होता होता पोरं जपानी शिकतात, तसे बाईंकडेही पंधरा-वीस जण असायचे. बाई सत्तरीच्या, ताठ, आणि जिभेला धार. वानखडे आणि त्या एकाच दारातून वर्षानुवर्षं ये-जा करत होते आणि त्यांचं एकमेकांवाचून काही अडलेलं नव्हतं.

एकदा बाईंनी लिफ्टमध्ये वर्गाची जाहिरात लावली. वर मराठीत वेळ आणि खाली शोभेला चार जपानी अक्षरं. वानखडे तिसऱ्या मजल्यावर निघाले होते. लिफ्ट तिसऱ्यावर थांबली, दार उघडलं, मिटलं, आणि वानखडे तसेच खाली आले. बाईंची बेल वाजवली. पुढचं मला दोघांनीही वेगवेगळं सांगितलंय, पण संवाद दोघांकडूनही हाच.

"बाई, तुमच्या डोक्यावरचा डबा डावीकडे गेलाय."

"माझ्या डोक्यावरचा?" बाई म्हणाल्या. "आपण कोण?"

वानखड्यांनी जाहिरात काढूनच आणली होती. दुसऱ्या अक्षरावर बोट ठेवलं. वरच्या भागात एक चिमुकला चौकोन असतो, तो जपानीत उजवीकडे हवा, तो डावीकडे होता. अक्षर इथे काढून दाखवलं असतं, पण तुमच्या यंत्रात कुठला फॉन्ट आधी लागतो कोण जाणे.

बाईंनी चष्मा लावून बघितलं. "अहो, हा डबा नाही. हे अक्षर म्हणजे हाड."

"असंल. पण मोडलंय."

बाईंनी पुन्हा बघितलं आणि खुर्चीत बसल्या. कारण भाच्याने त्यांच्या संगणकावर आमचंच लिनक्स घालून दिलं होतं, भाषा इंग्रजी ठेवून, आणि नवी आवृत्ती आल्यापासून त्या मुलांना वाचायचे कागद त्यातूनच छापत होत्या. मुलं कागदावर दिसेल तसं वहीत उतरवत. आणि बाई वहीतल्या त्या अक्षरावर लाल फुली मारून गुण कापत. हाताने लिहिलेलं चुकलेलं त्यांना तत्काळ दिसायचं. स्वतः छापलेल्या कागदात तेच अक्षर त्या रोज वाचत होत्या आणि ते त्यांना दिसलं नव्हतं.

"एका मुलीला मी वर्गासमोर बोलले हो," बाई म्हणाल्या. "म्हटलं, डोळे घरी ठेवून येतेस का."

वानखडे दुसऱ्या दिवशी ऑफिसात आले ते सरळ आपल्या फाईलींकडे. दुपारपर्यंत सापडलं. ज्या यंत्राची भाषा जपानीही नाही आणि चिनीही नाही, तिथे कुठला फॉन्ट आधी, हे सांगणाऱ्या फाईलीचा आकडा मागच्या वेळी बदलला होता. बदलणारे वानखडेच. फाईल दुरुस्त करायला दहा मिनिटं लागली. मग त्यांनी सगळ्यांना पत्र पाठवलं: चूक माझी, सहा महिने राहिली, मला दिसली नाही कारण मी इंग्रजी यंत्रावर तपासलंच नाही. मी म्हटलं, "अहो, गुपचूप दुरुस्त करून मोकळं व्हायचं. कुणी विचारलं होतं?" तर म्हणाले, "त्या पोरीनं कोणाले विचारायचं होतं?"

या पत्राने घोटाळा झाला. आमचा मॅनेजर मिहीर, वय तिशीच्या आत, बोलायला गोड. त्याने आम्हा दोघांना बोलावलं. मला का, तर बैठकीची नोंद ठेवायला.

"वानखडे सर, नो ऑफेन्स," मिहीर म्हणाला. "पण बेसिकली आपल्या तिकडच्या, जपान-चीनच्या ऑफिसमध्ये नेटिव्ह लोक आहेत ना. त्यांना लँग्वेज येते. तुम्हाला वाचताच येत नाही, तर तुम्ही चेक कसं करणार? मला वाटतं हे काम तिकडे शिफ्ट करू या."

मला राहवलं नाही. "मिहीर, तू आडनावात ल लिहितोस तो मराठी की हिंदी?"

"ल म्हणजे ल ना?"

"बाहेर जाऊन कुठलाही फ्लेक्स बघ. निम्म्यांवर हिंदी ल आणि हिंदी श असतो. तुला वाचता येतं म्हणूनच तुला दिसत नाही. आपटेबाईंचं तेच झालं. वानखड्यांना वाचता येत नाही, म्हणून तर दिसलं!"

मला वाटलं होतं, वानखडे मान डोलावतील. पण ते हळूच म्हणाले, "मिहीर बरोबर बोलून राहिला." आणि मग, मी त्यांना कधीही न ऐकलेल्या आवाजात, जवळजवळ विनवणी केल्यासारखं, "मला सहा महिने द्या. शिकतो. पण काम नका नेऊ."

त्या क्षणापर्यंत मला कल्पना नव्हती की गळ्यात पडलेल्या या कामावर या माणसाचा एवढा जीव आहे. मिहीरलाही नसावी. त्याने सहा महिने दिले.

वानखडे आपटेबाईंच्या वर्गात बसू लागले. वय पन्नाशीला टेकलेलं, बाजूला कॉलेजातली पोरं. बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, "वानखडे, इथे डबा म्हणायचं नाही." दुपारच्या सुट्टीत पत्त्यांसारखी कार्डं घेऊन ते पाठ करत बसायचे, एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला देवनागरीत उच्चार. पहिले दोन महिने हाल होते. मग एक दिवस मला म्हणाले, "मॅडम, गंमत ऐका. ती छपराखालची बाई आहे ना, ती बाई नाही. ते 'स्वस्त' आहे. 'निवांत'सुद्धा."

"बाई छपराखाली बसली की निवांत? कुणी ठरवलं हे?"

ते इतके हसले की ठसका लागला. सकाळच्या बैठकीतून मग तिफण गेली, रहाट गेला. त्यांच्या जागी शब्द आले: 'पाऊस', 'दुकान', 'धाकटी बहीण'. नव्या मुलांना बैठक आता समजू लागली होती. मला मात्र पहिल्यापेक्षाही समजेनाशी झाली, कारण तिफण मला ओळखता यायची.

बाईंकडची पहिली परीक्षा वानखडे पास झाले. पेढे आणले, मिहीरच्या टेबलावर आधी ठेवले. मिहीरने पेढा तोंडात टाकून सांगितलं, "सर, मी वर बोललोय. काम तुमच्याकडेच राहतंय." वानखडे नुसते त्याचा हात धरून उभे राहिले.

नवी आवृत्ती बाहेर पडायच्या आठवड्यात ते छापील कागद तपासत होते. पूर्वी एकेक अक्षर बघायला त्यांना अख्खी सकाळ लागे. आता ते ओठ हलवत भराभर जात होते आणि मधूनच मला सांगत होते, "हे स्टेशनबद्दल आहे, ऐका. इथं म्हणते, हा रस्ता सरळ गेला की..." मी शेजारी उभी होते, माझ्या नेहमीच्या प्रश्नासाठी. त्यांच्या बोटाखालचं अक्षर बघत होते आणि मागच्या भिंतीवर तेच अक्षर मोठ्या कागदावर जुनं टांगलेलं होतं. जुन्यात डाव्या बाजूने एक रेघ खाली येऊन काटकोनात वळत होती. नव्यात ती नव्हती. नुसती तळाला आडवी रेघ.

मी गप्प बसायला हवं होतं का? मला अजून ठरवता आलेलं नाही. मी म्हटलं, "वानखडे, हे जरा बघा."

"काय? बरोबर तर आहे. 'सरळ'."

"डावीकडे, खाली."

त्यांनी कागद जवळ घेतला. "सरळच आहे, मॅडम," पुन्हा म्हणाले. मी भिंतीकडे बोट दाखवलं. ते वळले, भिंतीकडे बघितलं, कागदाकडे बघितलं, पुन्हा भिंतीकडे. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मले दिसलंच नाही," म्हणाले. "मी वाचून राहिलो होतो."

फाईल त्यांनी दुरुस्त केली आणि त्याच पावली मिहीरकडे गेले. काम तिकडच्या ऑफिसला देऊन टाका म्हणाले. मिहीर चक्रावला. "पण सर, आता तर तुम्हाला येतं!"

"म्हणूनच."

सुपूर्द करायच्या कागदात त्यांनी एकच अट घातली: तपासणाऱ्यांमध्ये एक तरी माणूस ती भाषा न येणारा असावा. मिहीरने मला विचारलं, हे कुठल्या रकान्यात टाकायचं? तसा रकाना नव्हता. मी ते पानाच्या तळाशी, वेगळ्या ओळीत लिहून दिलं. तिकडच्यांनी ते ठेवलं की काढलं, कळलं नाही.

वानखड्यांना वरच्या मजल्यावर, लिनक्सशी प्रिंटर जुळवण्याचं काम मिळालं. जिन्यात भेटले की हसायचे, पण आमच्याकडे यायचे नाहीत. मला झोपेत त्यांचा तो काढून ठेवलेला चष्मा दिसायचा. मीच बोट दाखवलं होतं ना! नवऱ्याला म्हटलं, मी एका माणसाचे डोळे घालवले. तो म्हणाला, "म्हणजे काय?"

त्यांच्या सहीचा एक कागद राहिला होता, तो घेऊन एका शनिवारी मी वारज्याला गेले. खरं तर कागद सोमवारीही चालला असता. आपटेबाईंचं दार उघडं होतं, बाहेर चपलांचा ढीग. आत पोरांच्या मधोमध सतरंजीवर वानखडे मांडी घालून बसलेले, हातात लहान मुलांचं, चित्रांचं एक पुस्तक. ओळीखाली बोट धरून मोठ्याने वाचत होते. अडखळत होते, मागे जात होते, पुन्हा पुढे येत होते. शेजारची मुलगी तोंडावर हात धरून हसत होती. मी दाराशी उभी राहिले. वाईट वाटून घ्यायला आले होते आणि ते काही जमेना.

"पुरे, वानखडे," बाई म्हणाल्या. "तुमच्या दोन ओळी कधीच झाल्या. आता पुढचा वाचेल."

वानखड्यांनी बोट ओळीवरून उचललं नाही.

"एवढं पान होऊ द्या ना बाई," ते म्हणाले. "तो कोल्हा अजून पुलाखालीच अडकून आहे."